मालक असे उठत नाहीत

...आणि वर मलाच विचारतात, "बाबा, पण तुम्ही उठलात कशाला?" आता बोला! दुकान माझं, खुर्ची माझी, गुडघे माझे, आणि उठू का नको हे मी जावयाला विचारायचं? बरं, जावई म्हटल्यावर तोंड उघडायची सोय नाही. आमची ही लगेच डोळे मोठे करणार, मुलगी म्हणणार, "बाबा, ते शिकलेत त्यातलं." शिकलेत! मी कुठे म्हणतो नाही शिकले? पण त्यांनी जे शिकायचं ते माझ्या दुकानावर का शिकायचं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुम्हाला सांगतो, माझं कुलूप-किल्लीचं दुकान. छोटंसं, पण नाव होतं. भिंतीवर खिळेच खिळे आणि प्रत्येक खिळ्याला किल्ली. कुणाच्या कपाटाची, कुणाच्या गोदामाची, कुणाच्या सासूच्या ट्रंकेची... किल्ली हरवली की लोक धावत माझ्याकडे. मी खुर्चीत बसून नुसता हात लांब करायचा, आणि हातात तीच किल्ली! उठायचं कारणच नाही. हे लक्षात ठेवा हं, उठायचं कारणच नव्हतं. पुढे याच्यावरूनच सगळं झालं.

तर एक दिवस जावईबापू दुकानात आले. उभे राहिले, भिंत बघितली, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबा, धंद्यात इनोव्हेशन पाहिजे."

म्हटलं, "आणून ठेवा, कोपऱ्यात जागा आहे."

"तसं नाही हो बाबा! हे सगळं क्लाउडवर न्यायचं. प्रत्येक किल्लीचा नकाशा वर. गिऱ्हाईक आलं की वरून नकाशा मागवायचा, मशीन खटाखट किल्ली कापणार. गिऱ्हाईक कधी येतं, काय मागतं, पुढच्या महिन्यात काय मागणार, सगळं कळणार. धंदा नुसता झेप घेईल!"

मी विचारलं, "हे वर म्हणजे नक्की कुठे?"

जावईबापूंनी बोट वर केलं. मी वर बघितलं. छताला पाल. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतोय.

"काळजीच करू नका बाबा," जावईबापू म्हणाले, "सगळं वर आहे."

झालं! त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या कानात जे शिरलं... हिशेब कुठे? वर. गिऱ्हाइकांचे नंबर कुठे? वर. माझा चष्मा कुठे विचारला तर आमची हीसुद्धा म्हणते, "बघा, वर असेल!" आणि भिंतीवरच्या किल्ल्या? एका रविवारी मी घरी झोपलेला असताना जावईबापूंनी त्या पोत्यात भरून भंगारवाल्याला दिल्या! सोमवारी येऊन बघतो तर भिंतीला नुसते खिळे. तोंडातले सगळे दात पडावेत आणि हिरड्या राहाव्यात, तशी भिंत! म्हटलं, "अहो, किल्ल्या?" तर म्हणाले, "पसारा होता बाबा. सगळं वर आहे."

मग छताला कॅमेरा आला. मग दार. माझं लाकडी दार जाऊन काचेचं दार आलं, आणि काचेच्या दाराला चुंबकाचं कुलूप. म्हणजे वीज आहे तोवर चिकटलेलं, वीज गेली की सुटतं. त्याला भोक नाही! मी सगळीकडून हात फिरवून बघितला. कुलूपवाल्याच्या दुकानाला किल्लीचं भोक नसलेलं कुलूप... न्हाव्याच्या दुकानात आरसा नसावा, तसं! म्हटलं, "आणि वीज गेली की सुटतं? म्हणजे चोरानं मेन स्विच पाडला की दुकान मोकळं?" जावईबापू जरा गडबडले. मी म्हटलं, "बॅटरी लावा." लावली. म्हटलं, "बॅटरीला लोखंडी पेटी करा." केली. आणि त्या पेटीला मी माझ्या हातानं माझं घोरपड कुलूप ठोकलं. त्याची किल्ली? तीही भंगारात गेलेली, नकाशा तेवढा वर!

घोरपड म्हणजे माझं स्वतःचं कुलूप बरं का. मीच बनवलेलं. एकदा चिकटलं की सोडत नाही, म्हणून घोरपड. मी स्वतः तार घालून बघितली, सुया घालून बघितल्या, शिव्या घालून बघितल्या... मलासुद्धा उघडत नाही! अहो, हीच तर माझी जाहिरात होती. 'बनवणाऱ्यालाही न उघडणारे कुलूप', असा बोर्ड होता दुकानावर.

आख्ख्या जगात ते किल्लीशिवाय एकाच माणसानं उघडलं. माझ्या साडूनं.

साडूचं दुकान समोरच, रस्त्यापलीकडे. तोही कुलूपवालाच. आम्ही बोलत नाही. का? तर माझ्या मुलीच्या लग्नात दागिन्यांच्या ट्रंकेला घोरपड होतं आणि किल्ली सापडेना. मुलगी तयार होऊन बसलीय, गळा रिकामा. साडू पुढे आला. म्हणाला, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा." सगळे वळले. मी पण! माझ्याच मुलीच्या लग्नात मी भिंतीकडे तोंड करून उभा! मागून 'धप्' असा आवाज आला, वळून बघतो तर ट्रंक उघडी. आणि हा माणूस भर मांडवात काय म्हणाला असेल? फक्त दोन शब्द. "एवढंच होय?"

त्या दिवसापासून बोलणं बंद. कसं उघडलं हे विचारायला जीभ वळवळायची, पण मरेन तर विचारणार नाही, असं मनाशी पक्कं केलेलं.

आता तो दिवस. गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरबाई येणार होत्या. हॉटेलच्या सगळ्या खोल्यांना नवी कुलपं बसवायची, आणि काम एक तर मला नाहीतर साडूला. ही एक ऑर्डर मिळाली असती तर जन्माचं सार्थक! नाही मिळाली तर रोज सकाळी दुकान उघडताना समोर त्याचं ते 'एवढंच होय?' असं तोंड... नको नको!

बाई गाडीतून उतरल्या. साडूच्या दुकानाकडे बघितलं, माझ्या दुकानाकडे बघितलं, आणि काचेचं दार बघून माझ्याकडे यायला लागल्या. मला असा आनंद झाला, की मी उठलो. नुसता उठलो नाही, धावलो! "या या या!" करत दोन्ही हात पसरून दाराकडे...

खट्!

आणि छतातून एक बाई बोलली. म्हणजे पाल नव्हे, यंत्रातली बाई. अगदी गोड आवाज. "असामान्य हालचाल आढळली. मालक असे उठत नाहीत. सुरक्षेसाठी दार बंद करण्यात आले आहे."

मी म्हटलं, "अगं, मीच मालक!"

"मालक असे उठत नाहीत."

कळलं का काय झालं? त्या क्लाउडनं मला इतके दिवस बघून शिकून घेतलं होतं, की हा माणूस गिऱ्हाईक आलं तरी खुर्ची सोडत नाही. म्हणजे जो उठला तो मालक नाही. जो धावला तो चोर! अहो, बायकोनं आयुष्यभर ऐकवलं असतं तरी चाललं असतं, पण यंत्रानं? तेही गिऱ्हाइकादेखत?

फोन लावला जावईबापूंना. उचलला, तर मागे हा एवढा गोंगाट! म्हटलं, "दार उघडा!" तर हळूच म्हणतात, "बाबा, मी स्टेजवर आहे. क्लाउडमुळे छोट्या धंद्यात इनोव्हेशन कसं येतं, यावर भाषण चालू आहे. तुमचंच उदाहरण देतोय!"

"अहो, उदाहरण आत अडकलंय!"

"दिसतंय की! तुमचा कॅमेरा लाइव्ह आहे पडद्यावर. हात हलवा बाबा."

मी हात हलवला... खरं तर मूठ दाखवली, पण तिकडे टाळ्या पडल्या! फोनमधून ऐकू आल्या मला! "आणि दाराचं काय?" विचारलं, तर म्हणतात, "शंका आली की सिस्टीम स्वतः खात्री करून घेते. ती कुणाचं ऐकत नाही, हेच तर तिचं वैशिष्ट्य! थोड्या वेळानं उघडेल. काळजी करू नका, सगळं वर..." मी फोन ठेवला.

बाहेर बाई उभ्या. काचेतून माझ्याकडे बघतायत. मी हसलो. त्या हसल्या. मी घड्याळ दाखवून 'एक मिनिट' असं बोट केलं. त्यांनीही घड्याळात बघितलं, पण ते बघणं वेगळं होतं. घोरपडीची किल्ली कापायला मशीनकडे गेलो, ते म्हणालं, "सुरक्षेसाठी मशीन बंद आहे." हातोडा घेतला, काचेसमोर उचलला, आणि थांबलो. कुलूपवाला स्वतःच्या दुकानाची काच फोडून बाहेर आला, तर कुठली बाई त्याला ऑर्डर देईल? मग वळून तोच हातोडा घोरपडीवर हाणला. हातोड्याचा दांडा मोडला. घोरपड जशीच्या तशी! मोडलेला दांडा हातात धरून मला क्षणभर अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? आणि मग रडू आलं.

तेवढ्यात समोरून साडू निघाला. घाई नाही, गडबड नाही. चपला फटक् फटक्. आधी बाहेरचा मेन स्विच खाली पाडला आणि दाराकडे बघत उभा राहिला. छतातून गोड आवाज आला, "वीज गेली आहे. काळजी नसावी. दार बंदच राहील." माझीच बॅटरी! साडूनं काचेतून आत बघितलं, पेटी बघितली, पेटीवरचं घोरपड बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या तोंडावर जे हसू उगवलं ना... सूर्यसुद्धा एवढा सावकाश उगवत नाही.

तो उकिडवा बसला आणि दाराखालच्या फटीला तोंड लावलं. मला फटीला कान लावायला पालथं पडावं लागलं. फरशीवर! बाईंसमोर!

"काय हो साडूभाऊ," फटीतून आवाज आला, "बरे आहात ना?"

"सांगा कसं उघडायचं ते."

"काय? ऐकू नाही आलं."

"सांगा म्हटलं!"

"सांगतो की. मोठ्यानं सांगू? बाईंनाही ऐकू जाईल. की हळू सांगू? हळू सांगायचं तर निम्मी ऑर्डर माझी."

बघा! नात्यातला माणूस! मी म्हटलं, "तुम्हाला काही लाज आहे का?" तो म्हणाला, "आहे ना. माझी बाहेर उभी आहे. तुमची आत पालथी पडलीय!"

काय करणार? म्हटलं, "निम्मी तर निम्मी. बोला."

मग तो इतकं हळू बोलला, की त्याची मिशी फरशीला घासल्याचा आवाज जास्त होता. "उलटं करा. बुडावर तळहातानं धप्पकन मारा."

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

बाईंना दिसू नये म्हणून मी दाराकडे पाठ करून पेटीपाशी बसलो. घोरपड उलटं केलं. धप्! उघडलं. आपोआप! आतली स्प्रिंग उलटी पडून मागे सरकते, आणि हे मला, बनवणाऱ्याला, माहीत नाही! गावभर माझी घोरपडं लटकलेली आहेत हो... एक धप्, आणि सगळी उघडी! बॅटरीची वायर उपटली. दार सुटलं.

बाई आत आल्या. म्हणाल्या, "एकाचं कुलूप हातोड्यालाही दाद देत नाही, आणि दुसरा नुसतं फटीतून कुजबुजून ते उघडून घेतो! मला दोघंही पाहिजेत. दोघं मिळून एकच खातं करा, ऑर्डर तुमची."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंना काही ऐकू गेलं नव्हतं, काही दिसलं नव्हतं. गुपित मला ठाऊक आणि साडूला ठाऊक, बस. तेवढ्यात जावईबापूंचा फोन. "बाबा, काय डेमो झाला! आख्खा हॉल उभा राहिला! आणि ते उलटं करून धप्, ते तर सगळ्यांना फारच आवडलं!"

म्हटलं, "ते... ते ऐकू आलं?"

"म्हणजे काय! माईक एकदम भारी आहे. मिशी घासल्याचासुद्धा आवाज आला! रेकॉर्डिंगही आहे, बाबा. कधीच जाणार नाही. सगळं वर आहे!"

मग काय, बसलो. दिवसरात्र बसून घोरपडीची स्प्रिंग बदलली. गावात ज्याच्या-ज्याच्याकडे जुनं घोरपड होतं, त्याच्या दारात जाऊन ते फुकट बदलून दिलं. खुर्चीत बसून नव्हे, स्वतः उठून, चालत, जिने चढून! आता ते उलटं करा, सुलटं करा, धपाधप मारा, हलत नाही. साडूनं सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून बघितलं, त्यालाही उघडत नाही. चांगलंच झालं म्हणा कुलूप. मी केलं ते! पण जावईबापू आता गावोगाव स्टेजवर सांगत फिरतात, "क्लाउडमुळे माझ्या सासऱ्यांच्या धंद्यात इनोव्हेशन आलं." आणि माझा संताप कशावर आहे ठाऊक आहे? ते खोटं बोलत नाहीत यावर!

आणि साडू? जावईबापूंनी आमची दोन्ही दुकानं एकाच खात्यात घातली. गिऱ्हाईक एक, हिशेब एक, मोबाइलवर आमचे दोघांचे फोटोही शेजारी शेजारी, मधे एक कुलूप. म्हटलं, "जावईबापू, अहो आम्ही बोलत नाही!" तर म्हणाले, "त्याची काय गरज आहे बाबा? सगळं वर आहे."

तर असं आहे. वर आम्ही भागीदार आहोत. खाली तो अजून समोरून 'एवढंच होय?' असं तोंड करून बघतो... आणि मला उठून दार लावून घ्यायचीही सोय नाही.