सुतळीला कोणी काही बोललं नाही

जबाब

नाव: वरच्या रकान्यात लिहून घेतले आहे, मैदानावर सगळे मावशी म्हणतात. वय: ५३ वर्षे. धंदा: लॉन्ड्री. राहणार: कॉलेजच्या मैदानासमोर, दुकानामागच्या दोन खोल्यांत.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कपडे माझ्याकडे धुवायला येतात. त्यामुळे कोण जिवावर उदार होऊन खेळला आणि कोण नुसता उभा राहून आला, हे मला मॅच न बघताही कळते. तरी मी मॅच चुकवत नाही. दुकानाला कुलूप लावून जाते. गिऱ्हाइके बोंब मारतात, मारू देत.

सुतळी हा मुलगा शनिवारच्या मॅचनंतर घरी गेलेला नाही, अशी तक्रार त्याच्या आईने दिली आहे. तो दुसऱ्या वर्षाला शिकतो आणि टीममध्ये मागे, डाव्या बाजूला खेळतो. अंगात मांस नाही म्हणून सुतळी. मैदानावरच्या लोकांनी वाट्टेल ते बोलून माझ्या मुलाला घालवले, असे त्याच्या आईने तक्रारीत म्हटले आहे. ते मला वाचून दाखवले. त्यावर माझे म्हणणे असे की, शनिवारी सुतळीला कोणी एक शब्दही बोललेले नाही. सगळा घोळ तिथेच झाला आहे.

साहेबांनी नीट सांगा म्हटल्यावरून सांगते. आमच्याकडे मॅच संपली की गल्ली लागते. म्हणजे आम्ही बघणारे लोक मैदानापासून फाटकापर्यंत दोन रांगा करून उभे राहतो आणि पोरे एकेक करून मधून जातात. जाताना प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वाट्याचे मिळते. गोलकीपरला आम्ही चाळणी म्हणतो, त्याला सायकल दुरुस्तीवाले काका म्हणतात, "काय चाळणी, आज पीठ चाळलंस की बॉल?" कॅप्टन जागचा हलत नाही म्हणून तो जावई. त्याला मी विचारते, "जावईबापू, बॉल पायाशी आणून ठेवू का?" आईबहिणीवरून कोणी बोलत नाही. कोणी बोललाच तर मी त्याचा कान धरते. पोरे हसत जातात. जिंकले तरी बोलणी बसतात, हरले तर जास्त बसतात.

नव्या पोराला मात्र कोणी काही बोलत नाही. तो अजून आमचा नसतो. बाहेरून आलेल्या टीमलाही बोलत नाही, त्यांच्याकडे नुसते बघतो. सुतळी नवीन असताना मान खाली घालून गल्लीतून जायचा आणि आम्ही गप्प. एकदा वाऱ्याने त्याचा तोल गेला आणि बॉल राहिला बाजूला, हाच पडला. तेव्हा मी म्हटले, "अरे, खिशात दगड ठेवून खेळत जा." तो धावत दुकानात आला आणि म्हणाला, "मावशी, आज मला बोललात!" परीक्षेत पहिला आल्यासारखा चेहरा होता. पुढच्या मॅचला त्याने खरोखर खिशातून दोन गोटे काढून मला दाखवले. असला येडा पोरगा आहे.

या सीझनबद्दल विचारल्यावरून सांगते की, सुरुवातच वाईट झाली. पहिल्या मॅचला पाच गोल खाल्ले. कोच म्हणजे कॉलेजचे भूगोलाचे सर. पण त्यांच्या पोरांना समोरचा गोल कुठल्या दिशेला आहे ते सापडेना. सीझनभर रडतखडत, कुठे जिंकत, कुठे बरोबरी करत शेवटच्या मॅचपर्यंत आले. ती हरली तर टीम लीगमधून बाहेर आणि बाहेर गेली तर कॉलेज टीम बंद करणार, असे प्रिन्सिपलनी सांगून ठेवले होते. बरोबरी झाली तरी भागणार होते.

या मॅचच्या काही दिवस आधी सुतळीचे वडील वारले. ट्रक चालवायचे. चहा प्यायला उतरले आणि तिथेच बसले ते बसले. सुतळी सरावाला येईनासा झाला. त्याची आई दवाखान्यात नर्स आहे, तिने या मॅचला जाऊ नकोस म्हणून सांगितले होते. तो आला. जर्सी घ्यायला दुकानात आला तेव्हा मी "जेवलास का?" एवढेच विचारले. तो हो म्हणाला. खोटे बोलला असावा.

शनिवारी मॅच बरोबरीत होती. संपायला आली होती. सुतळीकडे बॉल आला. त्याने मागे न बघता तो चाळणीकडे ढकलला. चाळणी नेमका पुढे आलेला. बॉल त्याच्या बाजूने गेला आणि आमच्याच गोलमध्ये शिरला. इतका सावकाश गेला की मला वाटले, या गुडघ्यांनी मीसुद्धा पळत जाऊन अडवला असता. मग शिट्टी झाली.

गल्ली लावायच्या आधी मास्तर, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, म्हणाले, "आज त्या पोराला कोणी काही बोलू नका. बाप जाऊन महिना झाला नाही. मेलेल्याला काय मारायचं!" सायकलवाले काका म्हणाले, "अहो, पण त्याला एकट्यालाच वगळायचं? बरं दिसतं का ते?" त्यावर मी त्यांना म्हटले, "एक दिवस जीभ आवरलीत तर गंजणार नाही ती."  म्हणजे ठरवले मास्तरांनी, पण शिक्का मी मारला. हे लिहू का, असे साहेबांनी विचारले. लिहा म्हटले.

चाळणी आला, त्याला बोललो. जावई आला, त्याला तर धुऊन वाळत घातला. सगळ्यांत शेवटी सुतळी आला आणि दोन्ही रांगा चिडीचूप. कोणी घड्याळ बघतो आहे, कोणी चपलेचा पट्टा. तो हळूहळू चालत होता. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "मावशी." मी म्हटले, "जा बाळा, घरी जा." मी त्याला जन्मात कधी बाळा म्हटलेले नाही. तो फाटकातून बाहेर पडला आणि घराच्या उलट्या बाजूला वळला. ते मी पाहिले. मोकळ्या हवेत फिरून येईल, बरे वाटेल, असे मनाशी म्हटले आणि दुकान उघडायला गेले.

आज सकाळी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. कोण म्हणून विचारले. नुसता श्वास ऐकू येत होता. मला कळले. मी म्हटले, "बाळा, ये रे परत. तुला कोणी काही बोलणार नाही." फोन कट झाला. परत लावला तर बंद. हातातली इस्त्री तशीच राहिली आणि गिऱ्हाइकाचा शर्ट जळाला. धूर निघाला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की, मी हे काय बोलून बसले. दुसऱ्यांदा तेच केले. तेवढ्यात हवालदार मला बोलवायला दुकानात आले. तो नंबर मी त्यांना दिला आहे.

त्याची आई बाहेर बाकावर बसली आहे. मी आत येताना तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तरी चालले असते. मला फार भीती वाटते आहे. तो वळला त्याच बाजूला रेल्वेचे रूळ आहेत, ते मला साहेबांनी सांगायची गरज नाही.

जबाब इथपर्यंत आला असताना माझा फोन वाजला. नंबर सकाळचाच. साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि गोड बोला, अशी खूण केली. मी गोड बोलले नाही. मी जे बोलले ते जसेच्या तसे लिहावे असे मी सांगितल्यावरून लिहिले आहे, ते असे:

"काय रे गाढवा! डोळे काय घरी खुंटीला टांगून आला होतास? मागे न बघता बॉल देतात? बैलसुद्धा मागं सरताना एकदा वळून बघतो! सीझनभर घाम गाळून टीम वर आणली आणि तू एका टोल्यात बुडवलीस. वर तोंड लपवून पळालास? आणि अंगावर जर्सी कोणाची आहे? ती काय तुझा सासरा धुणार आहे? तुझी आई इथं बाकावर बसलीय, अन्नाचा कण नाही पोटात तिच्या. कुठं उलथला आहेस ते सांग आधी. बोल! तुला सोडते की काय मी?"

 या वेळी फोन कट झाला नाही. नाक ओढल्याचा आवाज आला, तो साहेबांनीही ऐकला. हवालदार नंबर घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आहेत. ते जागा शोधून काढेपर्यंत बोलत राहा, असे साहेबांनी कागदावर लिहून दाखवले. माझ्याकडे सीझनभराचे साठलेले आहे, तेव्हा अडचण नाही. त्याची आई आत आली आहे आणि माझा पदर धरून उभी आहे.

हा जबाब मला हलक्या आवाजात वाचून दाखवला, कारण फोन अजून चालू आहे. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही करण्यापुरती मी बोलायची थांबले, तेव्हा पलीकडून "मावशी?" असे ऐकू आले.