गालावरचं विरजण

कर्वेनगरच्या आमच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंना मी का मानते, सांगते. माझं लग्न महिन्यावर आलेलं आणि गाल भाजल्यासारखे लाल. फेसवॉश, टोनर, सीरम अशा नऊ बाटल्या मी त्यांच्या टेबलावर मांडल्या आणि दिवसातून चारदा चेहरा धुते, हेही सांगितलं. बाईंनी एकीलाही हात लावला नाही.

"घरी दही लावता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"विरजण घातल्यावर पातेलं किती वेळा धुता?"

"धुतलं तर दही लागेल कसं?"

"मग गालावरचं का धुता? तिथेही जिवाणू राहतात आणि त्वचा सांभाळतात. तुम्ही त्यांना दिवसातून चारदा हाकलता. आता नुसतं पाणी. बाकी काही करायचं नाही. जमेल?"

काही न करणं फार जड गेलं, रोज हात बाटलीकडेच जायचा. पण तीन आठवड्यांत गाल निवले.

मी पेढे घेऊन आभार मानायला गेले. बाईंनी एक पेढा उचलला, माझे गाल निरखले आणि म्हणाल्या, "माझे कसले आभार? काम केलेली मंडळी तुमच्या गालावर बसलीत. लग्नाच्या दिवशी त्यांना घराबाहेर काढू नका, म्हणजे झालं."