फांदी धरणारा अंगठा

बूट शिवणारे एक निवृत्त कारागीर हाडांच्या दवाखान्यात गुडघा चोळत बसले होते. कान मात्र शेजारच्या आजोबा आणि नातीकडे होते.

"आबा, ऑपरेशन करून पायाचा अंगठा सरळ करून घ्या. एकही बूट बसत नाही तुम्हाला."

"चाळीस वर्षं ह्याच अंगठ्यानं फांदी धरून झाडं छाटली. आता बुटासाठी कापू?"

"आमच्या प्रयोगशाळेत असाच एक पाय आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या दूरच्या नातलगाचा."

"अख्खा नातलग कुठाय?"

"पायाची मूठभर हाडंच मिळाली. अंगठा बाजूला, म्हणजे झाडावर चढायचा. बाकीची बोटं दोन पायांवर चालणाऱ्याची."

"त्याचा अंगठा कुणी सरळ केला?"

"त्याला बूट घालायचे नव्हते, आबा."

"खालून त्याला कुणी हाक मारायचं का गं? तुझी आजी ओरडायची, 'उतरा, चहा निवतोय!'"

"हाडांवरून ते नाही कळत."

"मला कळतं. अंगठ्याकडे बघितलं, की ऐकू येतं."

नातीनं वाकून त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं.

"पण मग अनवाणी फिरणार का, आबा?"

कारागिरांनी आपल्या एक्स-रेचं पाकीट फरशीवर पसरलं आणि खिशातून पेन्सिल काढली.

"ह्यावर पाय ठेवा, आबा. अंगठा हवा तेवढा पसरा."