अकरा अंडी आणि एक बॅटरी

नाही नाही, झाकण उघडू नका, आत अंडी आहेत. बाहेरूनच बघा. किती दाखवतंय? छत्तीस पूर्णांक दोन? — हं. साडेसदतीस पाहिजे. म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुमच्या खांबावर दोन सॉकेट आहेत, एक रिकामं आहे, मी सकाळीच बघून ठेवलंय. वायर माझी आहे, पंचवीस मीटर, पुरेल. ह्या कॅम्पातल्या वीज असलेल्या जागा तुम्ही लोकांनी जानेवारीतच अडवून ठेवल्यात, आमच्या वाट्याला ते खालचं गवत — तक्रार नाही, तुमचा कॅरव्हॅन चांगला आहे. पुसलेला वगैरे.

मी ओडवार. ग्रोंगच्या पुढे राहतो, छत्तीस वर्षं पोस्टात होतो. निवृत्त झालो आणि ही व्हॅन घेतली. विजेतलं मला तेव्हा काय कळत होतं? काही नाही. मला वाटायचं, बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी, शंभर लिहिलंय म्हणजे शंभर वापरायचे. पहिल्याच आठवड्यात कॉफीचं मशीन लावलं. इन्व्हर्टर सहाशे वॉटचा, मशीन नऊशेचं — इन्व्हर्टर किंचाळला आणि गप्प. पत्र ठेवून निघून गेल्यासारखा. मग पुस्तक आणून वाचलं. त्यात लिहिलंय, शंभरातले पन्नासच वापरायचे, त्याखाली गेलं की बॅटरी म्हातारी होते. तर राहिले पन्नास. आणि हे अंडी उबवायचं मशीन दिवसाला चाळीस खातं. छपरावरचं सोलर पॅनेल ऊन असलं की देतं, आणि ट्रॉनहाइमला यंदा ऊन कुठलं? तेव्हा फ्रीज बंद. दिवा बंद. फोन दिवसाआड. वीस दिवस मी ब्राउन चीज आणि कोरडी बिस्किटं खातोय. कॉफी गॅसवर — गॅस आहे, गॅसचं काही म्हणणं नाही.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळेला बॅटरी बसली, सगळं बंद. मशीनमध्ये बघतो तर एकतीस. काय करणार? इथे उभ्या गाडीत इंजिन चालवलं तर कॅम्पवाली ओरडते. अंडी काढली, स्वेटरमध्ये घातली, अकराच्या अकरा, वरून पट्टा सैल लावला आणि स्त्युर्दालपर्यंत जाऊन आलो, इंजिनवर बॅटरी भरायला. ताशी पन्नास. मागे रांग लागली होती. एकाने हॉर्न दिला — मी पोटाकडे बोट दाखवलं. काय समजला कोण जाणे. पुढे निघताना माफी मागितल्यासारखा हात केला त्याने.

व्हॅनमध्ये कशाला म्हणता? — घरी कोण आहे फिरवायला? दिवसातून तीनदा फिरवावी लागतात. आणि ताई इथे हॉस्पिटलात. बोर्गहिल्ड, माझी थोरली बहीण, त्र्याहत्तर वर्षांची. माळ्याच्या शिडीवरून पडली, खुबा मोडला, आता चालायला शिकवतायत. तिला माझ्याशिवाय कोण? मलाही — असो. कोंबड्या तिच्या. आईच्या वेळेपासूनची जात, बाहेरून एक पीस आणलेलं नाही. ती पडली म्हणून मी सांभाळत होतो. आणि चौथ्या दिवशी कोल्ह्याने सगळ्या मारल्या. कोंबड्यासकट. खाल्ल्या दोन, मारल्या सगळ्या. खुराड्याची कडी जुनी आहे ना. स्वयंपाकघरात टोपलीत त्या आठवड्याची अकरा अंडी होती, मी खाल्ली नव्हती. म्हटलं, एवढी तरी.

रोज दोन वाजता मी तिच्याकडे जातो. ती विचारते, "कोंबड्या?" मी म्हणतो, "मजेत." ती नावं घेऊन विचारते हो! "काळी अजून चोच मारते का?" "मारते," मी म्हणतो. "लंगडीचं काय?" "बरं आहे पायाचं." एकदा तर मीच सांगितलं की काळी आणि लंगडीचं भांडण झालं. कुणी विचारलं होतं? कुणी नाही. पण ती हसली, म्हणून मग दुसऱ्या दिवशी त्यांचा समेट करावा लागला.

परवा ती वॅफल खात होती. म्हणाली, "अंडी किती देतात?" म्हटलं, सात-आठ. तिने घास गिळला, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "ओडवार, आज अठरावा दिवस. आता फिरवू नकोस. आणि वाटीत पाणी घाल, हवा ओलसर लागते त्यांना."

म्हटलं, कुणी सांगितलं? तर शेजारच्या तुरीदने. दुसऱ्याच दिवशी, फोनवर. मशीन तुरीदचंच — तिला बजावलं होतं मी, ताईला अक्षर बोलू नकोस. "मग रोज विचारायचीस कशाला?" म्हटलं. म्हणाली, "बघत होते, तू कधी सांगतोस ते." आणि राहिलेलं वॅफल माझ्याकडे सरकवलं.

दार उघडं कसं राहिलं, ते नाही विचारलं तिने. कालही नाही. आज मी आवरून बसलो होतो, आज विचारेल म्हणून — तिने हवेचं विचारलं.

कडी जुनी नाही. कडी मीच बसवलीय, गेल्या सप्टेंबरात. त्या संध्याकाळी मी व्हॅनमध्ये होतो. बॅटरी किती उरली ते दाखवणारा नवा आकडा बसवला होता — छोटीशी काच, निळा उजेड. मला बघायचं होतं, काय लावलं की किती उतरतो. टीव्ही लावला: सत्याऐंशी, शहाऐंशी. पंखा लावला. फुटबॉल चालू होतं, ते मी बघत नव्हतो, मी आकडा बघत होतो. दीड तास. खुराडं वीस पावलांवर. बाहेर लख्ख उजेड, जूनच तो. म्हटलं, एकोणऐंशीला आला की उठतो, दार लावतो.

आवाज आला होता. नाही असं नाही. मला वाटलं, टीव्हीतली माणसं ओरडतायत. टीव्हीचा आवाज कमी केला मी.

हे मी तिला अजून — तुम्हाला तरी कशाला सांगतोय? तुम्ही कोण माझे?

हं, लागला. लाल दिवा लागला, म्हणजे घेतंय. छत्तीस चार. पाच. उद्या एकविसावा. परवा तिला सोडणार आहेत, तिला घ्यायला व्हॅनच न्यायची आहे, म्हणजे ह्या अकरांच्या शेजारीच बसेल ती तीन तास. तेव्हा विचारेल. तेव्हा गाडी मी चालवत असेन, तोंडाकडे बघावं लागणार नाही. बरं आहे ते.

या आता तुम्ही. खुर्ची राहू दे, मी बसतो इथे. आणि ते तुमचं कॉफीचं मशीन उद्या दुपारपर्यंत लावू नका — खांबाचा फ्यूज दहाचा आहे, मी वाचलंय.