आधी तुम्ही, मॅलकीकाका

— नाही, पण मला एवढं सांगा, मॅलकीकाका, मोकळ्या शेतात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर आधी कुणी जायचं? सार्जंटला विचारलं — म्हणतो, सरकारी रस्ता असता तर सांगितलं असतं, शेतात आमचा नियम नाही. फादरना विचारलं — त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे त्यांनाही माहीत नाही. विम्याचा माणूस तर शेतात पायच ठेवीना, बूट नवे होते. — चहा? नको. — नको हो. — बघा, दोनदा नको म्हटलं आणि तुम्ही किटली खाली ठेवली! तिसऱ्यांदा कोण विचारणार? अख्ख्या मेयो परगण्यात, अख्ख्या आयर्लंडात असं घर नव्हतं आजवर. इतकं बिघडलंय तुमचं, आणि आई म्हणते, जा, मॅलकीला घेऊन ये.

एवढं मोठं शेतकी प्रदर्शनाचं शेत, आणि आमच्या फिंटनच्या बसची आणि तुमच्या ट्रॅक्टरची गाठ पडायला नेमकं ते एकच फाटक! तुम्ही थांबलात, हात केलात — आधी तू. तो थांबला — छे छे, आधी तुम्ही. तुम्ही पुन्हा, तो पुन्हा. मी मागच्या बाकावर, शेजारी नोरा टिमलिन मांडीवर स्पर्धेचा केक घेऊन कोकलतेय, ‘अरे मेल्यांनो, कुणीतरी जा, परीक्षक निघून जातील!’ तिसऱ्यांदा हात करायला फिंटन सीटवरून अर्धा उठला. आणि मग दोघांनाही एकदम वाटलं, आता नाही म्हणणं बरं दिसत नाही — निघालात की दोघं! आपल्याकडेच होतं हे. दुसरीकडे लोक घाईने आपटतात, आपण अदबीने.

फादरचं नाक फुटलं, पोस्टमन पॅडनचा गुडघा गेला, नोराची कवळी केकमध्ये रुतली — परीक्षकांनी बक्षीस द्यायला हवं होतं. फिंटनचं डोकं सीटजवळच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. टेंगूळ केवढं! तरी बसभर विचारत फिरला, ‘कुणाचं काही हरवलंय का, दात सोडून?’ तुम्हीच त्याला चहा दिलात की, आठवतंय? मग म्हणाला, डोकं जरा जड झालंय, पडतो. मागच्या बाकावर पडला. मी त्याच्या मोज्यात गवत कोंबलं. हसू नका — नाही, हसा. लहानपणी एका खाटेवर झोपायचो आम्ही दोघे भाऊ; झोपेतसुद्धा लाथ घालायचा तो, कधी चुकायचा नाही. मी आणखी कोंबलं. दोन्ही मोजे भरले, काका.

तर आता त्याची शवपेटी आमच्या बैठकीत आहे. शेजाऱ्यांनी खांदा द्यायचा, आणि पुढचा डावा खांदा मॅलकीचा, असं आई म्हणते. तो आल्याशिवाय पेटी हलायची नाही. माणसं अंगणात ताटकळलीत, फादर नाकाला पट्टी लावून बसलेत. मागच्या बाजूला पॅडन आहे — तो लंगडतोय, म्हणजे फिंटन कबरस्तानापर्यंत नाचतच जाणार. पुढे उजवीकडे मी. डावीकडे कुणी नसेल तर त्याचा सगळा भार माझ्यावर येईल, आणि त्याला तेच हवंय.

राग? आलाय ना. यायला नको? काल सकाळी खिसा भरून साखर आणली होती, तुमच्या ट्रॅक्टरच्या डिझेलच्या टाकीत ओतून इंजिन बिघडवायला. झाकण काढलंसुद्धा. आणि खिडकीत तुम्ही. तिथं, त्याच खुर्चीत. समोर कुणी नाही आणि तुमचा हात असा — असा हलतोय. आधी तू. आधी तू. — बरं, मी काही बोलत नाही. साखर तुमच्या कोंबड्यांनी खाल्ली. अंडी गोड लागली तर मला शिव्या घाला.

हा घ्या कोट. दुसरा हात घाला. टोपी घ्या, आई बघेल. हां. चला. — काय? अहो नाही, तुम्ही आधी. थोरले तुम्ही. — नाही हो, तुम्ही. — काका.

काका, हात खाली करा. करा म्हणतो ना.

हे बघा, मी निघालो. आधी मी. या माझ्या मागून.