तिसऱ्या बाकाचा कोपरा

बोस्नियातल्या त्या शाळेत सकाळी मुसलमान मुलं बसत, दुपारी ख्रिस्ती क्रोएट. युद्ध कधीच संपलं, तरी वर्ग वेगळे. बाकं मात्र तीच. मधल्या वेळेत ती पुसणाऱ्या नेव्रेसाबाई आज बुरेकच्या, म्हणजे खिमा भरलेल्या खुसखुशीत रोटीच्या, गाडीपुढे रांगेत उभ्या होत्या. पुढे एक मुलगा आणि एक मुलगी हुज्जत घालत होते.

"तिसऱ्या बाकाच्या कोपऱ्यात गणितं सोडवून ठेवणारी बेल्किसा तूच?"

"आणि खाली 'अक्षर सुधार' लिहिणारा आगाऊ तिहोमीर तूच ना?"

"सोमवारपासून शेजारी बसून सांगेन!"

"मुख्याध्यापकांनी एकत्र वर्गांच्या कागदावर सही केली खरी!"

"दोन्ही पाळ्यांची पोरं आठ दिवस पायऱ्यांवर ठाण मांडून बसल्यावर करतील काय बिचारे?"

"तुझे आजोबा विचारतील, ही कुणातली?"

"काय सांगू?"

"मुसलमान आहे, गोलकीपर आहे, आणि तुमच्या नातवाला गणितात पास करणारीही हीच आहे."

"बापरे! पण बाकं रोज लख्ख असायची, मग आपलाच कोपरा पुसायचा कसा राहायचा गं?"

"पुसणारी बाई आळशी असेल."

"दादा, तीन बुरेक द्या," नेव्रेसाबाई मागून म्हणाल्या. "दोन या पोरांना. आळशी बाईकडून."