दोन टिंबांची वाट

...नाही, नाही काका, कप तसाच ठेवून बसायचं तर बसा, पण मागू नका. गेल्या वेळीही असाच ठेवला होतात, सोबत गावातल्या पांढऱ्या दाढ्या घेऊन—आणि बाबा काय करणार? पाहुणा मागणं घेऊन आला आणि कॉफीला तोंड लावेना, म्हणजे आपल्या सल्त गावात यजमानाची मान अडकलीच. "प्या, अबू जरीर, तुमचं काम झालं," म्हणाले. काम काय, विचारलं तरी? नाही विचारलं. काम म्हणजे माझं तोंड बंद करायचं—तुमच्या भाच्याच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या पोरीचं.

मी कशाला बोंबलत होते, ते तुम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं ना? सोपं आहे हो. आमचा डेटाबेस दवाखान्यांचे कागद सांभाळतो. फाइलचं नाव दिलं की फाइल आणून देतो. पण नावाआधी दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ टाकली, की तो एक मजला वर चढतो. पुन्हा टाका—आणखी वर. मग उतरा हव्या त्या खोलीत, काढा कुणाचेही कागद, तू कोण म्हणून विचारत नाही. तुमच्या भाच्याला, मुहन्नदला दाखवलं मी. दुरुस्ती काही फार मोठी नव्हती. पण सरकारी कंत्राट तोंडावर आलेलं—"आत्ता बभ्रा नको, रुदैना." भोक बुजवायचं सोडून त्याने तुम्हाला, आपल्या मामाला, आमच्या घरी धाडलं. हसायला पाहिजे खरं. हल्ली हसूही येत नाही, रडूही येत नाही.

मग व्हायचं तेच झालं. कुणीतरी त्याच वाटेने शिरलं, कागद नेटवर टांगले. माझ्या बहिणीला, सुहादला फिट्स येतात, हे तिच्या होणाऱ्या सासूने तिथे वाचलं. अंगठी परत आली. सुहाद मागच्या खोलीत असते. जेवते, झोपते, बोलत नाही.

आणि तुम्ही म्हणता, कागदचोरीच्या चौकशीतला जबाब मागे घे. मी? मी कुठे गेले होते? बाबांनी शब्द दिलेला, मी आपली मुकाट. जबाब बाबांनी दिला, काका. स्वतः अम्मानला गेले, डोक्याला इस्त्रीचा रुमाल बांधून. डेटाबेस म्हणताना अजून अडखळतात—मला विचारून ती टिंबं, ती रेघ तळहातावर पेनने काढून नेली. जन्मात शब्द न मोडलेला माणूस...

हे मी बोलायला नको होतं. तुम्हाला ते स्वतः सांगणार होते. उठा, काका. ते मशिदीतून यायच्या आत जा—तुमच्या तोंडाकडे बघायची वेळ आज तरी आणू नका त्यांच्यावर. जा ना.